रानातला खजिना आणि आयर्लंडच्या गोष्टी

 

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बचत गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. हप्ते गोळा होतात, इतिवृत्त लिहून होतं, सह्या-अंगठे होतात, आणि उठता उठता कुणीतरी म्हणतंच, "या पोरांच्या हातातला मोबाईल कसा सुटायचा गं?" यंदा त्यावर एक वेगळीच गोष्ट कानावर आली. आमच्या गटातल्या एका काकींची मुलगी आणि जावई आयर्लंडला नोकरीला आहेत. तिथं त्यांचा नऊ वर्षांचा नातू शाळेबरोबर रानात खजिना शोधायला गेला होता. त्यानं फोनवर आजीला सांगितलं, आजीनं आम्हाला. ऐकून कुतूहल वाढलं. मग काकींच्या मुलीला बैठकीत फोन लावून पुन्हा पुन्हा विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि जे समजलं ते आज तुमच्यापुढं मांडत आहोत.

आधी आयर्लंड कुठं आहे ते सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात एक मोठं बेट आहे. त्याच्या बहुतेक भागावर आयर्लंड हा स्वतंत्र देश आहे आणि डब्लिन ही त्याची राजधानी. ईशान्येचा तुकडा म्हणजे उत्तर आयर्लंड, तो अजून ब्रिटनच्या राज्यात आहे. देशाची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या थोडी वर भरली. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ साली ९४ लाख माणसं होती, यावरून अंदाज घ्या. पाऊस बाराही महिने पडतो, म्हणून गवत बाराही महिने हिरवं. गाई, दूध आणि लोणी यांचा हा देश. आपल्यासारखंच त्यांच्यावरही इंग्रजांचं राज्य होतं. ते १९२२ साली वेगळे झाले.

आता खेळ. मुलांचे चार-चार, पाच-पाच जणांचे गट करतात. प्रत्येक गटाला हातानं काढलेला एक नकाशा आणि पहिलं कोडं मिळतं. कोडं सुटलं की कुठल्या झाडापाशी किंवा दगडापाशी जायचं ते कळतं. तिथं एखादं चित्र किंवा वस्तू ठेवलेली असते, आणि पुढचं कोडं. अशी सहा-सात ठिकाणं झाली की शेवटी खजिन्याची पेटी. हा खेळ जगात कुठंही खेळतात. पण आयर्लंडच्या जुन्या गोष्टींवर तो बांधला, की प्रत्येक ठिकाणी त्या मातीतली एक खूण आणि तिची गोष्ट येते. गोष्ट माहीत असेल तर कोडं सुटतं. माहीत नसेल तर कुणाला तरी विचारावं लागतं. हे विचारणं आम्हाला फार मोलाचं वाटलं, त्याबद्दल पुढं बोलूच.

कोडं कधी कधी ओगम नावाच्या लिपीत लिहितात. ही आयर्लंडची सगळ्यात जुनी लिपी. साधारण चौथ्या ते सहाव्या शतकात उभ्या दगडाच्या कडेवर रेघा कोरून ती लिहीत. कडेच्या एका अंगाला एक रेघ म्हणजे ब, दोन म्हणजे ल, चार म्हणजे स, पाच म्हणजे न. आपल्या आज्या दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायच्या, तशीच दिसते म्हणा ना. असे सुमारे ४०० दगड आज शिल्लक आहेत आणि त्यांवर बहुतेक माणसांची नावं आहेत, अमक्याचा मुलगा तमका अशी. या अक्षरांना झाडांची नावंही आहेत. ब म्हणजे बर्च, द म्हणजे ओक. रेघा मोजता आल्या की लहान मूलही वाचतं, म्हणून पोरांना ती फार आवडते.

चला, आपण त्या रानातून एक फेरी मारू.

पहिली खूण पायाशीच असते. तीन पानांचं इवलंसं रोप. त्याला म्हणतात शॅमरॉक. आयर्लंडच्या लोकांची ही सगळ्यात ओळखीची खूण. हे काही दुर्मीळ झाड नव्हे. दुभत्या जनावरांना आपल्यापैकी पुष्कळजणी बरसीम घालतात ना, त्याच जातकुळीतलं हे रानगवत. पान मेथीसारखं, एका देठाला तीन. सांगतात की पाचव्या शतकात संत पॅट्रिक ख्रिस्ती धर्म सांगत तिथं फिरले. देव एक असून त्याची रूपं तीन कशी, हे लोकांना समजेना. तेव्हा त्यांनी वाकून हे पान खुडलं आणि दाखवलं, देठ एक, पानं तीन. ती कथाच आहे, पण १७ मार्चला, संत पॅट्रिकच्या दिवशी, लोक अजून हे पान छातीला लावून फिरतात.

दुसरी खूण हेझलच्या झाडापाशी. हेझल म्हणजे कवचाची, गराची लहान फळं येणारं झाड. गोष्ट अशी. एका ज्ञानाच्या विहिरीभोवती नऊ हेझल होते. त्यांची नऊ फळं पाण्यात पडली आणि ती एका सॅल्मन माशानं खाल्ली. जगातलं सगळं ज्ञान त्याच्या अंगात उतरलं. जो त्याचा पहिला घास खाईल त्याला ते मिळणार. फिनेगास नावाचा म्हातारा कवी बॉइन नदीकाठी सात वर्षं गळ टाकून बसला होता. शेवटी मासा सापडला. त्यानं तो आपल्या पोरगेल्या शिष्याला, फिनला, भाजायला दिला आणि बजावलं, "एक घासही खायचा नाही." पोरानं मासा भाजायला घेतला. माशाच्या कातडीवर फोड आला, तो त्यानं अंगठ्यानं दाबला, चटका बसला, आणि अंगठा झटकन तोंडात गेला. झालं! सात वर्षांची तपश्चर्या गुरूची, आणि ज्ञान मिळालं चुलीपुढच्या पोराला. गुरूनं मन मोठं केलं आणि उरलेला मासाही त्यालाच खाऊ घातला. पुढं फिन मोठा वीर झाला. अडचण आली की तो अंगठा तोंडात घालायचा आणि त्याला उत्तर सुचायचं. आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग आम्हाला तर किती ज्ञान आलं पाहिजे. रोज भाकरीची वाफ बोटाला लागते!"

तिसरी खूण पाणथळ जागेत. तिथं लव्हाळ्यासारखं गवत वाढतं. १ फेब्रुवारीला, ब्रिजिडच्या दिवशी, या गवताचा चार हातांचा क्रूस विणतात आणि दारावर टांगतात. घराला आग लागू नये, अशी श्रद्धा. संत ब्रिजिड ही दूधदुभत्याची, गुराढोरांची, दारी आलेल्या भुकेल्याची संत. घरचं लोणी ती गरिबांना वाटून टाकायची, अशा तिच्या कथा आहेत. आम्हाला आवडलेली कथा जमिनीची आहे. तिला बायकांसाठी मठ बांधायला जागा हवी होती. राजा देईना. ती म्हणाली, "माझा हा अंगावरचा झगा जेवढी जमीन झाकेल तेवढीच द्या." राजा हसला आणि हो म्हणाला. चार मैत्रिणींनी झग्याचे चार कोने धरले आणि चार दिशांना चालू लागल्या. झगा पसरतच गेला, पार मैदान झाकून टाकलं. राजानं हात जोडले आणि जमीन दिली. ते माळरान आज किल्डेअर गावाजवळ आहे. किल्डेअर म्हणजे ओकच्या झाडाचं देऊळ. २०२३ पासून आयर्लंडमध्ये ब्रिजिडच्या नावानं सार्वजनिक सुट्टी मिळते. बाईच्या नावाची ही तिथली पहिली सुट्टी. हे ऐकून आमच्यातल्या एका ताईंनी लगेच विचारलं, "कोने धरणाऱ्या त्या चौघींची नावं काय?" गोष्टीत नावं येत नाहीत. कोना धरणाऱ्यांची नावं राहत नाहीत, हे काही तिथलंच नाही.

चौथ्या ठिकाणी बैलाचं शिंग किंवा घोड्याचा नाल असतो. इथं दोन बायकांच्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या आहेत.

पहिली राणी मेव्हची. एका रात्री ती आणि तिचा नवरा आलिल अंथरुणावर बोलत होते. तो म्हणाला, "माझ्याशी लग्न केलंस म्हणून तुझं बरं चाललंय." ती उठून बसली. म्हणाली, "लग्नाआधीही माझं माझ्यापाशी होतं." मग दोघांनी आपापली मालमत्ता मांडून मोजली. भांडी, अंगठ्या, कपडे, मेंढ्या, घोडे, डुकरं. सगळं बरोबरीत निघालं. फक्त नवऱ्याच्या कळपात पांढऱ्या शिंगांचा एक वळू जास्त निघाला. आणि तो वळू जन्मला होता मेव्हच्याच गाईच्या पोटी! पण बाईच्या नावावर राहणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून तो नवऱ्याच्या कळपात निघून गेला होता. मैत्रिणींनो, हजारभर वर्षांपूर्वीपासून लिहिली जाणारी ही गोष्ट आहे. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायचं म्हटलं की घरातलं कोण कसं बिथरतं, हे आपल्याला सांगायला नको.

बरोबरी करायला मेव्हला तसाच एक वळू हवा होता. तो अल्स्टर नावाच्या राज्यात, कूली भागात होता. मागून मिळेना, तेव्हा तिनं सैन्य काढलं. त्या वेळी अल्स्टरचे सगळे पुरुष अंथरुणावर तळमळत पडलेले. त्यांना बाळंतपणाच्या कळा येत होत्या. हसू नका, का ते ऐका.

अल्स्टरमध्ये माखा नावाची बाई होती. वाऱ्यासारखी धावायची. जत्रेत राजाच्या घोड्यांची शर्यत झाली, आणि तिचा नवरा बढाई मारून बसला, "माझी बायको यांच्यापेक्षा जोरात पळते." राजानं त्याला धरून ठेवलं आणि माखाला बोलावणं धाडलं. ती दिवसभरलेली होती. म्हणाली, "मला बाळंत होऊ द्या, मग पळते." राजा ऐकेना. तिनं जमलेल्या माणसांकडं वळून सांगितलं, तुम्हा प्रत्येकाला आईनंच जन्म दिलाय, थोडं थांबा. एकही माणूस तिच्या बाजूनं बोलला नाही. ती पळाली. घोड्यांच्या पुढं निघाली आणि शर्यतीच्या शेवटच्या खुणेपाशी तिनं जुळ्यांना जन्म दिला. तिथंच तिनं शाप दिला, की राज्यावर मोठं संकट येईल तेव्हा इथल्या पुरुषांना पाच दिवस आणि चार रात्री बाळंतिणीच्या कळा येतील, नऊ पिढ्या. म्हणून मेव्हचं सैन्य आलं तेव्हा अल्स्टरच्या बाजूनं लढायला कू हुलिन नावाचा एकच तरुण उभा राहिला. त्या जागेचं नाव एवन माखा, म्हणजे माखाची जुळी. आर्मा शहराजवळ तिथं आजही एक मोठा गोल मातीचा बांध दिसतो, आणि आर्मा या नावाचाही अर्थ माखाची टेकडी असाच आहे.

ही गोष्ट आम्ही बैठकीत सांगितली तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. बसलेल्यांत दोघी ऊसतोडीला जाऊन आलेल्या होत्या. नवव्या महिन्यात मोळी उचललेल्या.

पाचव्या ठिकाणी झुडपाला एक लाल फीत बांधलेली असते. ही लेप्रेकॉनची खूण. लेप्रेकॉन म्हणजे रानातला हातभर उंचीचा म्हातारा. धंदा चांभारकामाचा. दिवसभर जोडे शिवतो आणि सोन्याचा हंडा लपवून ठेवतो. एका माणसानं त्याला पकडलं आणि दम दिला, "हंडा दाखव." म्हाताऱ्यानं त्याला मोठ्या वावरात नेलं. वावरभर पिवळ्या फुलांचं तण माजलेलं. त्यातल्या एका झुडपाकडं बोट करून म्हणाला, "याच्या खाली खण." माणसाजवळ कुदळ नव्हती. त्यानं मोज्याची लाल फीत सोडून त्या झुडपाला बांधली आणि लेप्रेकॉनकडून शपथ घेतली, की फितीला हात लावणार नाहीस. धावत घरी गेला, कुदळ घेऊन परत आला, तर वावरातल्या प्रत्येक झुडपाला तसलीच लाल फीत! शपथ मोडली नाही आणि हंडाही दिला नाही. लेप्रेकॉनच्या बहुतेक गोष्टींत असंच होतं. सोनं मिळता मिळता हातचं निसटतं. घरी बसून दामदुप्पट, आठवड्यात कर्ज, असले फोन येतात तेव्हा आम्ही आता गटात एकमेकींना म्हणतो, "लाल फीत आली बरं का!"

सहावी खूण हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाची. मे महिन्यात ते पांढऱ्या फुलांनी भरून जातं. शेतात एकटं उगवलेलं हॉथॉर्न तिथले जुने लोक तोडत नाहीत. ते 'त्यांचं' झाड, म्हणजे अदृश्य लोकांचं, असं मानतात. शेतकरी नांगर वळवून नेतो, पण झाडाला धक्का लावत नाही. १९९९ साली क्लेअर परगण्यात लाटून गावाजवळ मोठा रस्ता होणार होता आणि वाटेत असंच एक झाड येत होतं. एडी लेनिहान नावाचे कथा सांगणारे गृहस्थ आहेत, त्यांनी वर्तमानपत्रांत लिहून आवाज उठवला, की या झाडाला हात लावाल तर रस्त्यावर अपघात होतील. गोष्ट जगभर गाजली. अखेर रस्त्याच्या कामात फेरफार झाला आणि झाड वाचलं.

कुणी म्हणेल, ही तर अंधश्रद्धा झाली. आमच्यातही यावर वाद झाला. एक शिकलेली सून म्हणाली, "अपघात वेगामुळं होतात, झाडामुळं नाही." बरोबर आहे तिचं. पण तिच्याच सासूबाईंनी विचारलं, "झाड वाचवायला दुसरं काय होतं त्यांच्याकडं?" तेव्हा त्या देशातल्या झाडांची हकीकत सांगायला हवी. एके काळी त्या बेटाचा बराचसा भाग जंगलानं झाकलेला होता. शेती, चराई, जहाजं आणि कारखाने यांसाठी तोड होत गेली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम १ टक्का जंगल उरलं. नंतर सरकारनं लागवड केली. आज ते ११ टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र त्यातलं पुष्कळसं लाकडासाठी लावलेलं परदेशी सूचिपर्णी झाड आहे. ओक, हेझल, हॉथॉर्न यांची जुनी राई थोड्याच ठिकाणी सापडते. खजिन्याच्या खेळात मुलाला हेझल कुठला आणि हॉथॉर्न कुठला हे ओळखावंच लागतं. जे झाड नावानं ओळखतो, ते तुटलं तर लक्षात तरी येतं.

आता शेवटची पेटी. तिच्यात सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी असतात. तिथल्या खऱ्या नाण्यांवर हार्प असतं. हार्प म्हणजे उभं धरून दोन्ही हातांनी छेडायचं तारांचं वाद्य. देशाची राजमुद्राच ते. पेटी उघडली की मुलं नाणी वाटून खातात आणि खेळ संपतो.

पण या गोष्टी त्या मुलांपर्यंत पोचल्या कशा, याचीही एक हकीकत आहे, आणि त्यासाठीच आज आम्ही हा विषय घेतला.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं पोट बटाट्यावर. पुढची काही वर्षं मोठा दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसं मेली आणि आणखी १० लाखांहून जास्त देश सोडून गेली. सर्वांत जास्त मेली आणि गेली ती खेड्यातली, आयरिश भाषा बोलणारी माणसं. त्या बेटावर दुष्काळाआधी ८० लाखांच्या वर लोक होते. आजही तितके नाहीत. भाषेची गत त्याहून वाईट. त्या काळी काही शाळांत मुलाच्या गळ्यात एक लाकडी काठी अडकवत. मूल आयरिश बोललं की काठीवर एक खाच पाडायची, आणि दिवसाच्या शेवटी खाचा मोजून मार द्यायचा. घरची भाषा म्हणजे गरिबी, इंग्रजी म्हणजे पोट, असं होऊन गेलं. भाषा गेली की तिच्यातल्या गोष्टीही जायला निघतात.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी १९३५ साली लोककथा गोळा करायला सरकारी आयोग नेमला. पण गावोगावच्या गोष्टी गोळा करायला माणसं किती पुरणार? तेव्हा त्यांनी शाळेच्या मुलांना कामाला लावलं. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० हून जास्त मुलांनी, साधारण ११ ते १४ वर्षांच्या, घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून वह्या भरल्या. विहिरींची नावं, झाडांची नावं, गावठी औषधं, लोणी कसं काढायचं, गावात कुठं सोनं पुरलंय म्हणतात, दुष्काळात काय झालं, सगळं. गुप्तधनाच्या गोष्टी हा तर त्यात एक वेगळा विषयच होता! त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत आणि कुणालाही वाचता येतात. हाच खरा खजिना, आणि तो पोरांनी आज्यांकडून आणला.

सांगणाऱ्यांत बायका किती होत्या, त्यातली एक सांगतो. पेग सेयर्स. जन्म १८७३, गरीब घरातला. लहानपणी दुसऱ्याच्या घरी कामाला राहिली. लग्न होऊन ब्लास्केट नावाच्या समुद्रातल्या बेटावर नांदायला गेली. मुलं झाली, काही डोळ्यांदेखत गेली, काही अमेरिकेला गेली. तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. पण शेकडो गोष्टी तोंडपाठ. आयोगाची माणसं तिच्या चुलीपाशी बसून त्या उतरवून घ्यायची. तिनं आपलं आयुष्य मुलाला सांगितलं, त्यानं लिहिलं, आणि १९३६ साली त्याचं पुस्तक झालं. १९५३ साली ते बेट राहायला अवघड म्हणून रिकामं करण्यात आलं. आज तिथं कायमचं कुणी राहत नाही. पेगनं सांगितलं नसतं आणि कुणी विचारलं नसतं, तर त्या बेटाबरोबर सगळं बुडालं असतं.

तर मैत्रिणींनो, आपण काय घ्यायचं? लेप्रेकॉन आपल्या रानात आणून सोडायची गरज नाही. तो त्याच्या वावरात शोभतो. घ्यायची ती रीत. खर्च फारसा नाही. कागद, खडू, दोरा आणि खाऊची एक पेटी. आम्ही या सुट्टीत असं ठरवलंय, जमलं तर तुम्हीही करून पाहा.

आधी मुलांना आठवडाभर कामाला लावायचं. प्रत्येकानं गावातल्या एका तरी साठीच्या पुढच्या बाईला विचारायचं, की या शिवारातल्या कुठल्या झाडाची, दगडाची, विहिरीची, पाणवठ्याची गोष्ट माहीत आहे. वहीत सांगणाऱ्या बाईचं पूर्ण नाव लिहायचं. नुसतं 'अमक्याची आई' चालणार नाही. मग त्यातली सहा ठिकाणं निवडून कोडी करायची. ठिकाणं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असावीत. प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवं. सकाळच्या गारव्यात जायचं, पायात बूट-चप्पल, बरोबर पाणी. दगड उलथायचे नाहीत, बिळात हात घालायचा नाही, साप-विंचवाची भीती असते. झाडाला खिळा ठोकायचा नाही, चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची आणि संध्याकाळी सोडून आणायची. आयर्लंडमध्ये पवित्र विहिरींपाशी लोक झाडाला चिंधी बांधतात, ती कुजली की दुखणं जातं म्हणून. पूर्वी सुती चिंधी कुजायची. आता प्लॅस्टिकच्या फिती बांधल्या की त्या झाडालाच काचतात. आपण ते टाळू. देवराईत जायचं असेल तर गावाला विचारून, तिथली रीत पाळून जायचं. वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्यायची.

आणि एक. गोष्ट सांगताना काही नावडतं निघेल. कुणा सुनेला विहिरीत ढकलल्याची, कुणाला जातीमुळं पाणवठ्यावर येऊ न दिल्याची. ती गोष्ट पोरांच्या कोड्यात घालायची नाही, पण वहीतून गाळायचीही नाही. माखाची गोष्ट तिथल्या लोकांनी गाळली नाही, म्हणून राजा कसा वागला आणि माणसं कशी गप्प बसली हे आज आपल्याला इथं कळलं.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही घेऊन या. एका पानावर एक जागा, एक गोष्ट, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव. ज्या आजींना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, नातवानं लिहायचं. निवडक गोष्टी आपण याच कार्यक्रमात, सांगणाऱ्या आजींच्याच आवाजात ऐकवू.